किचनचं काम द्यायचंय? ॲडव्हान्स देण्याआधी ठेकेदाराची ही तपासणी करा



पोळी-भाजी केंद्र, मेस, टिफिन सर्व्हिस, क्लाउड किचन, केक बेकिंग... फूड बिझनेसवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, गाळा घेतलाय, किचन करून घ्यायचंय. विश्वासू ठेकेदार कसा ओळखायचा?" व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आज हा विषय सविस्तर लिहितोय. आमचं दुकान भांड्यांचं आणि हॉटेल-किचनच्या सामानाचं आहे. नवीन किचन सुरू करणारी माणसं रोज काउंटरवर येतात, त्यामुळे कुणाचं काम वेळेत झालं आणि कुणाचं लटकलं, हे जवळून बघायला मिळतं.

आधी एक छोटा हिशोब करू. समजा गाळ्याचं भाडं १८,००० रुपये, एक तारखेपासून ठरवलेल्या मावशींचा पगार १५,००० आणि कर्जाचा हप्ता ९,०००. महिन्याला झाले ४२,०००. म्हणजे किचन बंद असताना तुमचे रोज १,४०० रुपये जातात. काम २५ दिवस लांबलं तर ३५,००० रुपये गेले, आणि अजून एक डबासुद्धा विकलेला नाही. घरातल्या किचनचं काम लांबलं तर आठ दिवस बाहेरून मागवून खाता येतं. धंद्याच्या किचनला ती सोय नाही. म्हणून "रेट किती?" यापेक्षा "हा माणूस ठरलेल्या दिवशी किल्ली परत देईल का?" हा प्रश्न मोठा आहे.

ठेकेदार मध्येच गायब का होतो?

आपल्याला वाटतं, तो लबाड होता. काही लबाड असतातही. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं आणि ते समजलं तर निवड सोपी होते.

छोटा ठेकेदार हा आपल्यासारखाच लघुउद्योजक आहे. त्याच्याकडे खेळतं भांडवल कमी असतं. तुमच्या ॲडव्हान्समधून तो मागच्या साइटचं टाइल्सचं बिल भागवतो. मग तुमच्या साइटचं सामान आणायला त्याला तिसऱ्या साइटचा ॲडव्हान्स लागतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर! तिसरी साइट मिळाली नाही की साखळी तुटते. गवंडी हजेरी मागतो, सुतार दुसरीकडे जातो आणि तुमचा फोन उचलणं बंद होतं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ठेकेदाराच्या हातात एका वेळी किती साइट चालू आहेत आणि माणसं किती आहेत, हे विचारायचं. दुसरी, आपला पैसा आपल्याच साइटवर लागेल अशी व्यवस्था करायची. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पायरी १: आधी स्वतःची यादी करा

"किचन करायचंय, किती घ्याल?" असं विचारलं की ठेकेदार हवेत आकडा सांगतो आणि आपण हवेतल्या आकड्यावर घासाघीस करतो. त्याला बोलावण्याआधी एका कागदावर हे लिहा:

- काय बनवणार, रोज साधारण किती माणसांचं?
- कोणती मशिनं येणार? मोठा मिक्सर, ओव्हन, डीप फ्रीझर, कणीक मळायचं मशीन. प्रत्येकाची जागा आणि त्याचा पॉइंट.
- ओटा किती लांब? सिंक किती? भाजी धुवायचं वेगळं आणि भांडी घासायचं वेगळं हवं का?
- पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार?
- सिलिंडर कुठे राहणार? धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरगुती १४.२ किलोचा चालत नाही. त्यामुळे जागा त्याच मापाने सोडा.
- धूर बाहेर कुठून काढणार?

एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना आणि नोंदणीच्या नियमांमध्ये परिशिष्ट ४ आहे. स्वच्छतेसाठी जागा कशी असावी, ते त्यात दिलंय. भिंती-फरशी गुळगुळीत आणि धुता येणारी, रंगाचे-प्लास्टरचे पोपडे पडणार नाहीत असं छत, खिडक्यांना जाळी, पाण्याचा नीट निचरा. हे वाचून यादीत टाका. काम झाल्यावर तोडफोड करून बदल करण्यापेक्षा आधीच केलेलं स्वस्त पडतं.

गाळा भाड्याचा असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीत असेल तर सोसायटीचीही घ्या. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, हे ठेकेदाराला पहिल्याच भेटीत सांगा. त्यावर जो म्हणेल, "काही होत नाही साहेब, थोडंसं तर फोडायचंय," त्याला चहा पाजून परत पाठवा.

पायरी २: नावं कुठून काढायची?

इंटरनेटवरचे फोटो बघून नावं काढू नका. फोटो कुणाच्याही साइटचे असू शकतात. मी हे तीन रस्ते सांगतो:

१. टाइल्स आणि हार्डवेअरचे दुकानदार. कोण वेळेवर बिल देतं आणि कुणाची उधारी थकलीय, हे त्यांना पक्कं माहीत असतं. "कुणाला उधार माल देता?" एवढं विचारा. ज्याला दुकानदार उधार देतो, त्याचा बाजारात विश्वास आहे. मात्र काही ठिकाणी नाव सुचवल्याबद्दल दुकानदाराला कमिशन मिळतं, म्हणून एकाच दुकानात विचारून थांबू नका.

२. तुमच्यासारखाच धंदा करणारे. दोन गल्ल्या सोडून मेस चालवणाऱ्या ताईंना विचारा. घरच्या किचनचं काम करणारा आणि रोज शंभर डब्यांचं किचन करणारा, यांच्या अनुभवात फरक असतो.

३. जुना वायरमन किंवा प्लंबर. ही माणसं अनेक ठेकेदारांकडे काम करतात. कोण मजुरी बुडवतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

तीन नावं काढा. दहा काढली तर डोकं फिरेल, एकच काढलं तर तुलना होणार नाही.

पायरी ३: दोन साइट बघितल्याशिवाय बोलणी नाहीत

प्रत्येकाची एक वर्षभरापूर्वी झालेली साइट बघा आणि एक सध्या चालू असलेली. नवीन काम सगळ्यांचंच चकाचक दिसतं. एक पावसाळा आणि वर्षभराची वापरपट्टी सोसल्यावर खरं काम दिसतं.

जुन्या साइटवर सिंकखालचा दरवाजा उघडून वाकून बघा. प्लाय फुगलाय का? कुबट वास येतो का? ट्रॉली भरलेली असताना ओढून बघा. ओट्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात काळी रेघ दिसते का? फरशीवर तांब्याभर पाणी ओता. ते नहाणी ट्रॅपकडे जातंय की कोपऱ्यात साठतंय? उतार चुकला असेल तर रोज वायपर मारत बसावं लागतं.

त्या मालकांना चार प्रश्न विचारा. काम ठरलेल्या तारखेच्या किती दिवस पुढे गेलं? मूळ कोटेशनपेक्षा शेवटी किती जास्त द्यावे लागले? काम संपल्यावर बिघाड झाला तेव्हा तो आला का? आणि, "पुन्हा काम निघालं तर त्यालाच द्याल का?" चौथ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा.

चालू साइटवर मजुरांशी दोन शब्द बोला. सामान नीट ठेवलंय का, राडारोडा वेळच्या वेळी उचलला जातो का, ते बघा. ठेकेदाराची शिस्त तिथे दिसते.

पायरी ४: कोटेशन वाचायला शिका

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेत, तुमच्या गावात वेगळे असतील.

- पहिला ठेकेदार: २,१५,०००
- दुसरा: २,६०,०००
- तिसरा: २,७२,०००

पहिल्याकडे मन ओढ घेतं. पण नीट वाचल्यावर दिसतं की त्याच्या कोटेशनमध्ये राडारोडा उचलणं नाही (८,०००), लाइट फिटिंग नाही (२२,०००), सिंक आणि नळ नाहीत (१४,०००), वॉटरप्रूफिंग नाही (१२,०००). हे ५६,००० मिळवले की आकडा होतो २,७१,०००. म्हणजे सगळं धरून देणाऱ्या दुसऱ्यापेक्षा तो ११,००० नी महाग निघाला!

म्हणून तिघांनाही तुमची तीच यादी द्या आणि प्रत्येक ओळीसमोर रेट लिहून मागा. "एकूण इतके" असं कोटेशन घेऊच नका. आणि प्रत्येक ओळीत मटेरियल कोणतं, ते नावानिशी हवं. खरी गडबड इथेच होते:

प्लाय: "वॉटरप्रूफ प्लाय" हा शब्द बोलण्यात सगळेच वापरतात. एमआर ग्रेडचा प्लाय दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. सिंकच्या आसपास बीडब्ल्यूपी ग्रेड, म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय मागा आणि जाडी एमएममध्ये लिहून घ्या. शीटवरचा आयएसआय मार्क आणि लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शीट कापायच्या आधी तपासा, लॅमिनेट चिकटवल्यावर खाली काय आहे ते देवालाच माहीत.

स्टील: टेबल, सिंक, रॅक "एसएस"चं, एवढं लिहून भागत नाही. ३०४ की २०२, ते लिहून घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी असतं, ते स्वस्त पडतं, पण मीठ, चिंच आणि सततचं पाणी यांनी लवकर डागाळतं. बरेच जण चुंबक लावून बघतात. मंडळी, सहसा २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत २०२ सहज पास होतं. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच साधा उपाय.

वायर: मशिनांच्या पॉइंटना १६ ॲम्पिअरचं सॉकेट आणि त्याला पेलणारी जाड वायर लागते. वायरचा ब्रँड आणि जाडी, म्हणजे किती स्क्वेअर एमएम, दोन्ही लिहा. ओल्या हातांनी काम चालतं तिथे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

ट्रॉल्या आणि कपाटं: रेट रनिंग फुटाचा आहे की स्क्वेअर फुटाचा? स्क्वेअर फूट असेल तर फक्त समोरच्या शटरचं माप धरणार की आतल्या बॉक्सचंही? बिजागरी, चॅनल, हँडल त्यात धरलेत की वेगळे? हा एक प्रश्न आधी विचारला की शेवटी होणारी भांडणं टळतात.

जीएसटी: ठेकेदार जीएसटी लावत असेल तर त्याचा १५ अंकी-अक्षरी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने, गोव्यातला ३० ने सुरू होतो. नाव जुळतं का आणि नोंदणी चालू आहे का, ते दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे नंबर नसेल म्हणून तो खोटा, असं समजू नका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. पण नंबर नसताना "जीएसटी एक्स्ट्रा" म्हणत असेल तर सावध व्हा.

पायरी ५: पैसा कामाच्या पुढे पळू द्यायचा नाही

"अर्धे आधी, अर्धे नंतर" ही पद्धत धंद्याच्या किचनला घातक आहे. कामाचे टप्पे पाडा. २,६०,००० च्या कामाचं उदाहरण:

- काम ठरताना १० टक्के: २६,०००
- तोडफोड पूर्ण, पाइप-सिमेंट-टाइल्स-वायर साइटवर उतरल्यावर २५ टक्के: ६५,०००
- आतली पाइपलाइन, वायरिंग, वॉटरप्रूफिंग झालं आणि पाण्याची चाचणी पास झाली की २० टक्के: ५२,०००
- टाइल्स आणि ओटा पूर्ण, २० टक्के: ५२,०००
- ट्रॉल्या, सिंक, पॉइंट सगळं चालू, १५ टक्के: ३९,०००
- प्रत्यक्ष वापराचे १५ दिवस झाल्यावर शेवटचे १० टक्के: २६,०००

प्रत्येक टप्प्याला एक अशी खूण आहे जी डोळ्यांनी बघता येते. "पन्नास टक्के काम झालं" याला काही अर्थ नसतो, कारण ते तो एका तऱ्हेने मोजतो आणि आपण दुसऱ्या तऱ्हेने.

काही चांगले ठेकेदार म्हणतील, "साहेब, १० टक्क्यांत सामान कसं आणू?" प्रश्न रास्त आहे. मग टाइल्स, प्लाय यांचं बिल तुमच्या नावाने करून पैसे थेट दुकानदाराला द्या. सामान तुमच्या गाळ्यात उतरलं, पैसा तुमच्याच साइटवर लागला, ठेकेदाराचीही ओढाताण वाचली. या पर्यायाला जो अजिबात तयार होत नाही, त्याला तो पैसा दुसरीकडे वळवायचाय का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

पैसे शक्यतो यूपीआय किंवा चेकने, आणि कोटेशनवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात द्या. "भावाच्या नंबरवर टाका" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

पायरी ६: एक पान लिहून घ्या

मोठ्या कामाला वकिलाकडून करारनामा करून घेतलेला बरा. छोट्या कामाला निदान एक पान हवं, दोघांच्या सह्यांसह. त्यात एवढं असू द्या:

"सोबतच्या यादीतलं काम, त्यात लिहिलेल्या मटेरियलसह, अमुक तारखेला सुरू करून अमुक तारखेला पूर्ण करून देईन. पैसे लिहिलेल्या टप्प्यांप्रमाणे घेईन. यादीबाहेरचं काम आधी रेट ठरवून, व्हॉट्सॲपवर दोघांचा होकार आल्यावरच करेन. माझ्याकडून उशीर झाल्यास दर दिवसाला ठरलेली रक्कम शेवटच्या टप्प्यातून वजा होईल. मालकाने बदल सांगितल्यास तेवढे दिवस वाढतील. गळती आणि फिटिंगची एक वर्ष जबाबदारी माझी."

"साहेब, आपलं घरचंच काम समजा, कागद कशाला?" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. उत्तर सोपं आहे: "दादा, घरचं काम आहे म्हणूनच कागद. उद्या आपल्यात गैरसमज नको." जो खरंच काम करणार आहे त्याला कागद नडत नाही. त्यालाही पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं भेटलेली असतात.

पायरी ७: काम चालू असताना

रोज पंधरा मिनिटं साइटवर जा, तेही वेळ बदलून. भिंत बुजवण्याआधी आतल्या पाइपचे आणि वायरचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. उद्या रॅकसाठी ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतील. वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. टाइल्स लावल्यावर नाण्याने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर तेव्हाच काढून पुन्हा बसवायला सांगा.

सूचना थेट गवंड्याला किंवा सुताराला देऊ नका. ठेकेदाराला द्या, लेखी द्या. नाहीतर शेवटी "तुम्हीच सांगितलं होतं" हे ऐकावं लागेल.

आता आपली बाजू

विश्वास दोन्हीकडून असतो. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. "उद्या बघू" म्हणून चार दिवस लावले तर त्याचे मजूर दुसऱ्या साइटवर जातात आणि उशीर आपल्याच पदरी पडतो. रोज नवा बदल सांगू नका. इन्स्टाग्रामवर नवीन टाइल दिसली म्हणून लावलेली टाइल काढायला लावणारा मालक कोणत्याच ठेकेदाराला परवडत नाही. आणि घासाघीस इतकी करू नका की त्याला काही उरणारच नाही. ज्याला नफा उरत नाही तो मटेरियलमध्ये कापतो, आणि ते आपल्याला सहा महिन्यांनी कळतं.

पटकन तपासणी: ॲडव्हान्स देण्याआधी

१. वर्षभर जुनी आणि सध्या चालू, अशा दोन साइट बघितल्या का?
२. सध्या त्याच्या किती साइट चालू आहेत, ते विचारलं का?
३. कोटेशन ओळीनुसार आणि मटेरियलच्या ग्रेडसह आहे का?
४. काय धरलेलं नाही, ते लिहून घेतलं का?
५. पैशाचे टप्पे कामाशी बांधले का? शेवटचे १० टक्के हातात राहतात का?
६. तारखा आणि सह्या झाल्या का?

सहापैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल तर ॲडव्हान्स आजच्या दिवस थांबवा. दोन दिवस उशिरा सुरू झालेलं काम परवडतं, अर्ध्यात थांबलेलं परवडत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. यादी करणं, तीन कोटेशन मागवणं, टप्प्याने पैसे देणं, लिहून घेणं, हे फक्त ठेकेदारापुरतं नाही. उद्या तुम्ही भाजीवाला, पॅकिंग मटेरियलवाला, डिलिव्हरी करणारा मुलगा ठरवाल, तेव्हाही हीच सवय कामाला येणार आहे. धंद्यातला तुमचा पहिला मोठा व्यवहार बहुतेक हाच असेल, तो नीट करा.

तुमच्या किचनचं काम कुठपर्यंत आलंय? कोटेशनमधली एखादी ओळ समजत नसेल तर ठेकेदाराचं नाव आणि नंबर झाकून कमेंटमध्ये टाका, आपण मिळून बघू. भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत, हिशोब पक्का ठेवा!